धागा: पोलिसांच्या गुप्तवार्ता संकलनावरील कायदेशीर बंधने आणि त्यांचे खरे परिणाम

तटस्थ (धागाकर्ता)

मोठा घातपात झाला की कायद्याने पोलिसांचे हात बांधले नसते तर हे आधीच कळले असते, असे म्हटले जाते. पाळतीचे एखादे प्रकरण उघडकीस आले की कायदा असूनही पोलिसांनी तो धाब्यावर बसवला, असे म्हटले जाते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असतील, तर बंधनांचा परिणाम नेमका कोठे होतो, हा प्रश्न उरतोच. त्यावर पुराव्यानिशी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात अमेरिकेपासून करतो. तेथे बंधने आली, सैल झाली, पुन्हा आवळली गेली, आणि या सगळ्याचे कागद बऱ्याच अंशी खुले आहेत. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावी एफबीआयचे छोटे कार्यालय काही नागरिकांनी फोडले आणि तेथील कागदपत्रे वृत्तपत्रांकडे पाठवली. त्यातून १९५६ पासून चाललेल्या 'कोइंटेलप्रो' या मोहिमेचा सुगावा लागला. राजकीय संघटनांवर नजर ठेवण्यापुरती ही मोहीम मर्यादित नव्हती. त्या संघटना आतून पोखरणे हेही तिचे उद्दिष्ट होते. पुढे सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ साली अहवाल दिला, तेव्हा एफबीआयच्या एकट्या मुख्यालयात देशांतर्गत गुप्तवार्तेच्या पाच लाखांहून अधिक नस्त्या असल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी न्याय खात्याचे प्रमुख असलेले महान्यायवादी एडवर्ड लेव्ही यांनी एफबीआयसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. एखाद्या व्यक्तीची किंवा गटाची पूर्ण चौकशी करायची, तर हिंसा आणि कायदाभंग यांच्याशी संबंध जोडणारी ठोस, शब्दांत मांडता येतील अशी तथ्ये हाती असली पाहिजेत, अशी अट त्यांत होती. १९७३ च्या सुमारास वीस हजारांहून अधिक असलेली अशी प्रकरणे काही वर्षांतच काही शेकड्यांवर आली.

बंधनांचे टीकाकार याच घसरणीकडे बोट दाखवतात. मात्र अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९७४ मधील व्यक्तींविरुद्धच्या सुमारे १७,५०० प्रकरणांचा जो अंदाज काढला, तोही पाहायला हवा. त्यांतील जेमतेम १.३ टक्के प्रकरणांत खटला होऊन शिक्षा झाली होती आणि कोणत्याही हालचालीची, मग ती कायदेशीर असो वा बेकायदा, आगाऊ माहिती मिळाल्याची प्रकरणे सुमारे २ टक्के होती. म्हणजे नस्त्यांचा जो डोंगर कमी झाला, त्यातला बराचसा दगडगोट्यांचाच होता.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. १९७८ च्या परकीय गुप्तवार्ता पाळत कायद्याच्या अनुषंगाने गुप्तवार्ता आणि गुन्हेतपास यांच्यात एक 'भिंत' उभी राहिली, म्हणजे एका बाजूची माहिती दुसरीकडे देण्यावर निर्बंध आले. १९९५ मध्ये न्याय खात्याने तिची कार्यपद्धती लिहून काढली. ऑगस्ट २००१ मध्ये एफबीआयच्या न्यूयॉर्क कार्यालयातील गुन्हेतपासाच्या एका अधिकाऱ्याला पुढे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात सामील झालेल्या एका संशयिताच्या शोधात भाग घ्यायचा होता. ही माहिती गुप्तवार्तेची असल्याने तुम्हाला त्यात पडता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. नंतर ११ सप्टेंबर आयोगाला आढळले की या माहितीला ती भिंत लागूच नव्हती. नियमांबद्दल सर्वांचाच गोंधळ झाला होता. नोव्हेंबर २००२ मध्ये त्या कायद्याखालील पुनर्विलोकन न्यायालयानेही अशी भिंत कायद्याला अभिप्रेतच नसल्याचा निर्वाळा दिला.

माझे म्हणणे असे की, बंधनाने होणारे नुकसान बहुधा कायद्याच्या मजकुरात नसते. तो मजकूर कार्यालयात कसा वाचला जातो आणि त्याच्या धास्तीने किंवा त्याच्या आडोशाने काय लिहिले जाते व काय लिहायचे टाळले जाते, यात ते असते. सहमत नसाल तर अवश्य खोडून काढा.

---

जुना अंमलदार

तटस्थ, लेख आवडला, पण तुमचे माप मला पटत नाही. मी अनेक वर्षे पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेत काढली. कोठे आणि केव्हा, ते सांगणार नाही. गुप्तवार्तेची किंमत शिक्षांच्या टक्केवारीवर काढणे म्हणजे पहारेकऱ्याची किंमत त्याने पकडलेल्या चोरांवरून ठरवणे होय. आमच्या शाखेचे निम्मे काम असे असे की उद्या कोणत्या मोर्चात कोणते दोन गट समोरासमोर येणार, किती बंदोबस्त लागेल, आणि कोणाशी आधी बोलून घेतले तर प्रकरण चिघळणार नाही, हे वरिष्ठांना सांगायचे. यातून ना गुन्हा दाखल होतो, ना खटला उभा राहतो.

खबऱ्यांचे तर वेगळेच गणित असते. खबरी कायद्यावर नव्हे, माणसावर विश्वास ठेवतो. आपले नाव कोणत्या कागदावर जाणार आणि तो कागद कोण कोण वाचणार, एवढेच त्याला कळून घ्यायचे असते. मंजुरी देणारे टेबल एकाने वाढले, तरी त्याच्या लेखी धोका एकाने वाढतो. आमच्याकडे एकदा नियम आला की प्रत्येक खबरीची लेखी नोंद करून ती वरच्या कार्यालयाकडे पाठवायची. नियम चांगल्या हेतूने केलेला होता, कारण काही जण खबऱ्यांच्या नावाने पैसे उचलत असत. पण वर्षभरातच नोंदीत फक्त बिनकामाचे खबरी उरले आणि कामाचे खबरी अधिकाऱ्यांच्या डोक्यात गेले. अधिकारी बदलून गेला की खबरीही त्याच्याबरोबर गेला. नव्या माणसाने येऊन पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची.

तुमच्या मुद्द्याचा एवढा भाग मात्र खरा आहे, की न लिहिलेली गुप्तवार्ता कोणालाच तपासता येत नाही, तिच्या वापरणाऱ्यालाही नाही.

---

ऋजुता

वकिलीच्या बाजूने थोडी भर घालते. पोलिसांवरील बंधनांबद्दल बोलताना आपण बहुतेकदा पुरावा वगळण्याच्या नियमाचा विचार करतो. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही चालणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ च्या मॅप खटल्यात ठरवले. हा नियम तपासाला लगाम घालतो, पण गुप्तवार्तेला तो जवळजवळ शिवतही नाही, कारण गुप्तवार्ता मुळात न्यायालयात आणायची नसतेच. जी माहिती कधी सादरच होणार नाही, ती वगळण्याची धमकी कोणाला घाबरवणार? म्हणून गुप्तवार्तेवरचे बंधन परिणामकारक व्हायचे असेल, तर ते माहिती गोळा करण्याच्या टप्प्यावर आणि बाहेरच्या कोणाच्या तरी देखरेखीखालीच असावे लागते.

न्यायालये येथे कचरतात. देशांतर्गत सुरक्षेच्या नावाखाली वॉरंटशिवाय फोन ऐकता येणार नाहीत, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९७२ मध्ये एकमताने सांगितले. पण त्याच महिन्यात लेअर्ड विरुद्ध टेटम या खटल्यात, लष्कर नागरिकांच्या सभांवर नजर ठेवते म्हणून लोक बोलायला धजत नाहीत, एवढ्या तक्रारीवर दाद मागता येणार नाही, असा ५ विरुद्ध ४ मतांचा निकालही दिला. नुसती नजर ठेवली गेल्याने झालेली हानी सिद्ध करणे पक्षकाराला जवळपास अशक्य ठरते.

भारतातील चित्रही या मुद्द्याला पूरक आहे. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगसाठी गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांची मुदत, एकूण सहा महिन्यांची कमाल मर्यादा आणि पुनर्विलोकन समिती अशी चौकट घालून दिली. २००७ मध्ये टेलिग्राफ नियमांतील नियम ४१९अ मध्ये ती आली आणि नव्या दूरसंचार कायद्याखालच्या २०२४ च्या नियमांतही ढाच्याने तीच आहे. मात्र पुनर्विलोकन समितीत सगळे सचिवच असतात, न्यायाधीश नसतो. आदेश देणारे आणि तो तपासणारे एकाच व्यवस्थेतले. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या पूरनमल निकालापासून आपल्याकडे बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. म्हणजे पुढचे दार उघडे आणि मागचे दार नुसते लोटलेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातील तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्नच नव्हता, मग फोन ऐकलाच कसा, हा त्या निकालाचा गाभा होता. अशी उदाहरणे विरळा आहेत, कारण आपला फोन ऐकला गेला हे आधी कळायला तर हवे.

जुना अंमलदार यांच्या खबऱ्यांबद्दलच्या काळजीवर एक दिलासा आहे. गुन्ह्याची खबर आपल्याला कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. पुरावा कायद्यातील कलम १२५ मधली ही तरतूद नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३१ मध्ये कायम आहे.

---

जुना अंमलदार

ऋजुताताई, ते कलम न्यायालयापुढचे आहे. खबऱ्याला न्यायालयाची भीती नसते, त्याला आमच्याच इमारतीतल्या फुटणाऱ्या माणसाची भीती असते.

---

नवा वाचक

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. एका मार्गावर बंधन आले तर पोलीस दुसरा मार्ग शोधणार नाहीत का? तसे असेल, तर बंधनाचा परिणाम मोजायचा तरी कोठे?

---

आकडेमोड

प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. पाणी अडवले की ते बाजूने वाट काढते, तसा प्रकार या क्षेत्रात वारंवार दिसतो.

जुने उदाहरण लॉस एंजेलिसचे आहे. तेथे पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाचे कागद नष्ट करण्याचा आदेश निघाल्यावर एका अधिकाऱ्याने त्यांतले बरेच स्वतःच्या ताब्यात ठेवले. पुढे ती माहिती एका खासगी राजकीय संस्थेच्या संगणकात भरली जात असल्याचे उघड झाले. तो विभागच १९८३ मध्ये बरखास्त करावा लागला. या प्रकारातून नागरिकांचे संरक्षण तर झालेच नाही, उलट जी माहिती निदान एका सरकारी कपाटात होती, ती कोणाचेच नियंत्रण नसलेल्या ठिकाणी गेली.

नवे उदाहरण मोबाइलचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०१८ च्या कार्पेंटर निकालाने मोबाइल कंपनीकडून दीर्घ काळाच्या ठिकाणांच्या नोंदी मागण्यासाठी वॉरंट आवश्यक ठरले. पण अॅपमधून गोळा झालेल्या तशाच नोंदी दलाल बाजारात विकतात आणि सरकारी यंत्रणा त्या विकत घेऊ शकतात. अशी खरेदी होत असल्याचे अमेरिकेच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने जून २०२३ मध्ये खुल्या केलेल्या अहवालात मान्य केले आहे. बंधन मागण्यावर आले, विकत घेण्यावर आले नाही.

म्हणून माझ्या मते परिणाम मोजायचा तर बंधन किती कडक आहे हे पाहण्याऐवजी ते कशावर लावले आहे हे पाहावे. साधनावर लावलेले बंधन लवकर जुने होते. 'या माणसाची माहिती का हवी' या प्रश्नावर लावलेले बंधन साधन बदलले तरी टिकते. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये हाच प्रश्न विचारला. ११ सप्टेंबरनंतर तेथे विद्यापीठे, नोंदणी कार्यालये इत्यादींकडून माहिती घेऊन छुप्या अतिरेक्यांचा चाळणी लावून शोध घेण्यात आला. नॉर्थ राइन-वेस्टफालिया या एकाच राज्यात सुमारे ५२ लाख लोकांच्या नोंदी चाळण्यात आल्या, आणि एकही छुपा अतिरेकी त्यातून हाती लागला नाही. प्रत्यक्ष, ठोस धोका असल्याशिवाय असा चाळणीशोध घटनाबाह्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. या निकालाने पोलिसांचे काय गेले, असे विचारले तर माझे उत्तर आहे: मनुष्यबळ खाणारे एक काम.

---

सडेतोड

सगळी उदाहरणे एका बाजूला झुकत चालली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

शिकागोत राजकीय गटांवर नजर ठेवणाऱ्या पोलिसांच्या 'रेड स्क्वाड'विरुद्धच्या दाव्यात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तडजोडीचा हुकूमनामा झाला. पोलिसांचे पूर्वीचे वर्तन वाईटच होते, त्यात शंका नाही. पण हुकूमनाम्यातील अटी इतक्या बारीक होत्या की हिंसेची भाषा करणाऱ्या गटाच्या खुल्या सभेत काय बोलले गेले, याचे टिपण ठेवतानाही पोलिसांना अडचण येई. जानेवारी २००१ मध्ये न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांच्या पीठाने तो हुकूमनामा सैल केला. जुने गैरप्रकार संपले, धोक्याचे स्वरूप बदलले, आणि पोलीस मात्र वीस वर्षांपूर्वीच्या भांडणातील करारात अडकून राहिले, असा एकंदर विचार त्यामागे होता. त्यानंतर आठ महिन्यांनी काय घडले, ते सांगायला नको. शिकागोच्या पोलिसांनी ते रोखले असते असा दावा मी करत नाही, कारण तो खोटा ठरेल. माझा मुद्दा एवढाच आहे की न्यायालयीन हुकूमनामा हे साधन म्हणून ताठर असते. ते ज्या दिवशी लिहिले जाते, त्या दिवसाच्या शत्रूकडे पाहून लिहिले जाते.

---

तटस्थ (धागाकर्ता)

सडेतोड, ताठरपणाचा मुद्दा मान्य आहे. मग सैल केल्यावर काय झाले, तेही पाहू. न्यूयॉर्कमध्ये हे जवळपास प्रयोगासारखे घडले आहे.

पोलिसांच्या राजकीय पाळतीविरुद्धचा तेथील हँडशू दावा १९७१ मध्ये दाखल झाला आणि १९८५ मध्ये तडजोड झाली. राजकीय हालचालींची चौकशी करायची तर गुन्ह्याशी जोडणारी विशिष्ट माहिती हवी आणि तीन सदस्यांच्या प्राधिकरणाची लेखी मंजुरी हवी, असे ठरले. त्या तिघांत एक बिगरपोलीस होता. २००३ मध्ये पोलिसांच्या विनंतीवरून न्यायालयाने या अटी बऱ्याच शिथिल केल्या. त्यानंतरच्या काळात पोलिसांनी 'डेमोग्राफिक्स युनिट' चालवले. मुस्लिम वस्त्यांतील उपाहारगृहे, दुकाने, मशिदी यांचे नकाशे तयार करणे, आणि तेथे लोक काय बोलतात ते ऐकून टिपणे, असे त्याचे काम होते. असोसिएटेड प्रेसने २०११ मध्ये हे बाहेर आणले. २०१२ मध्ये गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख थॉमस गॅलाटी यांनी शपथेवर सांगितले की आपल्या कार्यकाळात या युनिटच्या माहितीवरून दहशतवादाचा एकही तपास सुरू झाला नाही. २०१४ मध्ये ते बंद करण्यात आले.

बंधन सैल झाल्यावर मिळालेले स्वातंत्र्य कोणत्या दिशेने वापरले गेले, हे यातून दिसते. 'का' हा प्रश्न विचारणारे कोणी नसले की 'किती' हेच कामाचे माप होऊन बसते.

---

सडेतोड

एका युनिटवरून सगळ्या शिथिलतेचा निकाल लावणे योग्य नाही. त्याच पोलीस दलाने २००४ मध्ये हेरल्ड स्क्वेअरचे भुयारी रेल्वेस्थानक उडवण्याचा कट उघडकीस आणला. त्यात पैसे घेऊन काम करणारा खबरी आणि छुपा अधिकारी, दोघांचीही माहिती वापरली गेली. खबरीनेच आरोपीला भरीस घातले, असा बचाव झाला, तरीही २००६ मध्ये ज्यूरीने त्याला दोषी ठरवले.

---

ऋजुता

हे उदाहरण रास्त आहे, आणि त्यातील 'भरीस घातले' हा बचाव अगदीच निराधार होता असेही नाही. मात्र तेथे निदान माणसे आणि कट असे काहीतरी विशिष्ट होते. १९८५ च्या जुन्या अटींखालीही त्या चौकशीला मंजुरी मिळाली असती, असे मला वाटते. डेमोग्राफिक्स युनिटला ती मिळाली नसती. हा फरक आकडेमोड यांच्या मुद्द्याशी जुळतो.

पुढची हकिकत अशी की २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी नस्त्या तपासल्या, तेव्हा मंजुरीची मुदत संपल्यावरही चौकशी सुरूच ठेवल्याचे अर्ध्याहून अधिक वेळा आढळले. २०१७ मध्ये सुधारित तडजोड मंजूर झाली आणि पोलिसांच्या आढावा बैठकीत बसणारा एक बाहेरचा नागरी प्रतिनिधी आला. मुदत ओलांडण्याच्या या प्रकाराबद्दल जुना अंमलदार यांचे मत वाचायला आवडेल. यामागे दुष्ट हेतू असतो की निव्वळ ढिलाई?

---

जुना अंमलदार

बहुतेक वेळा दोन्ही नसते. नस्ती बंद करायची तर कोणीतरी 'यापुढे आवश्यकता नाही' असा शेरा मारून खाली सही करावी लागते. सहा महिन्यांनी त्याच माणसाने काही केले, तर सर्वांत आधी ती सही शोधली जाते. नस्ती उघडी ठेवल्याबद्दल मात्र कोणाची खातेनिहाय चौकशी झाल्याचे मी पाहिले नाही. मग शहाणा माणूस काय करील? मी स्वतः कितीतरी नस्त्यांवर 'निगराणी चालू ठेवावी' असे लिहिले आहे, आणि त्यांतील निम्म्या माणसांचे पुढे काय झाले हे मला आजही ठाऊक नाही.

---

नवा वाचक

मग यावर उपाय काय? मुदत घातली तरी ती पाळली जात नाही असे दिसते.

---

जुना अंमलदार

मुदत संपल्यावर आपोआप काय होते, ते बदलावे. अमेरिकेत केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या गुन्हेविषयक गुप्तवार्ता संगणक-प्रणालींना एक केंद्रीय नियम लागू आहे. नोंद घ्यायला वाजवी संशय हवा आणि पाच वर्षांत ती पुन्हा तपासून समर्थनीय ठरली नाही, तर ती काढून टाकायची. तेथे सही नोंद ठेवण्यासाठी लागते, काढण्यासाठी लागत नाही. माझ्या काळात असे असते तर त्या नस्त्यांपैकी फार तर चार-पाचांसाठी मी कारण लिहायला बसलो असतो. बाकीच्या आपोआप गेल्या असत्या, आणि ज्या चार-पाच उरल्या असत्या, त्या नव्या माणसाने निदान उघडून वाचल्या असत्या.